दारावरचा पडदा

सारिका माझी भाची. शहापूरच्या बाजारपेठेत तिचं लहानसं सहल कार्यालय आहे. आजवर अष्टविनायक, गिरनार अशाच सहली नेत होती. यंदा तिने केनियाची सफारी ठरवली. शहापूर-मुरबाडची चौदा माणसं, नऊ दिवस. त्यांच्यासाठी मराठीत माहितीपुस्तिका लिहायचं काम तिने मला दिलं आणि मोबदला म्हणून सहलीतली एक जागा.

मी शाळेत एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. आफ्रिकेवरचं जे जे आमच्या कपाटात होतं ते सगळं वाचलं, पण स्वतः पुण्यापलीकडे गेलेलो नाही. अशा माणसाने चौदा जणांना काय सांगावं, ही शंका होतीच. तरी लिहायला बसलो, कारण जाण्याची इच्छा शंकेपेक्षा मोठी निघाली.

पिवळ्या तापाच्या लशीबद्दल लिहिलं. कपडे मातकट रंगाचे घ्या, निळ्या-काळ्या रंगाकडे तिथली चावरी त्सेत्से माशी ओढली जाते, हे लिहिलं. लॉज म्हणजे आपल्या एसटी स्टँडजवळचं नव्हे, हेही लिहावं लागलं. तिथे राहायला तंबू, तंबूत गादी, गरम पाणी, आणि रात्री पहारेकऱ्याशिवाय बाहेर पडायचं नाही. सहाव्या दिवशी मसाई या गुरं पाळणाऱ्या जमातीच्या वस्तीला भेट होती. मी लिहिलं, ‘घरं शेणामातीची असतात. आत अंधार असतो. फोटो काढताना मोबाईलचा दिवा लावावा.’

तिथे माझा हात थांबला. त्या दिवसाचं पुढचं मी लिहिलंच नाही.

वीसेक वर्षांपूर्वी मुंबईहून काही हौशी मंडळी आली होती. त्यांना आदिवासी पाडा बघायचा होता. शाळेने मला सोबत पाठवलं, कारण खर्डीपलीकडच्या पाड्यातला नामा माझ्या ओळखीचा होता. बाजाराच्या दिवशी तो रानभाजी घेऊन शहापूरला येई आणि उन्हाचा घटकाभर आमच्या शाळेच्या वाचनालयाच्या ओट्यावर टेके. त्या दिवशी नामा पाणी आणायला गेला होता. घराच्या दारावर गोणपाटाचा पडदा होता. आत चुलीपाशी त्याची आई बुधी बसलेली. पाहुण्यांतला एक जण कॅमेरा घेऊन सरळ आत शिरला आणि म्हणाला, ‘जरा उजेड द्या हो.’ मी पडदा वर धरला. कॅमेरा वाजला.

तिने तळहात तोंडावर धरला होता.

त्याच वर्षी भाद्रपदात बुधी वारली. नामा बाजाराला आला की विचारायचा, ‘गुरुजी, आयचा फोटो आला काय? दुसरा एक पण नाय.’ फोटो तोवर पोस्टाने आलेला होता. तोंड झाकलेली म्हातारी, आणि कडेला पडदा धरणारा माझा हात. हा मुलाला कसा दाखवायचा? मी म्हणत राहिलो, ‘नाही आला.’ दोन वर्षं त्याने विचारलं. मग विचारणं सोडलं, आणि ओट्यावर बसणंही.

‘मामा, सहावा दिवस अर्धाच का?’ सारिकाने कागद चाळत विचारलं.

‘तो गाळता नाही का येणार?’

‘गाळून कसं चालेल? टोकावड्याच्या भगीरथशेठना मसाईंच्या नाचात त्यांच्याबरोबर उड्या मारायच्यात. गुडघ्याला पट्टा बांधून तयारी चालू आहे.’

‘पण कुणाच्या घरात असं शिरायचं…’

‘ते स्वतः बोलावतात, मामा. त्याचे पैसे घेतात, त्यावर त्यांची पोरं शिकतात. तुम्हाला कसली लाज? तुम्हाला तर कंडक्टरकडे सुटे मागायचीही लाज वाटते.’

‘माझं नाव यादीतून काढ.’

तिने पेन खाली ठेवलं. ‘तुमचं काहीतरी निराळंच आहे,’ एवढंच म्हणाली. नाव तिने काढलं नाही, मी पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोचं पाकीट पिशवीत घातलं. खर्डीहून रिक्षा केली. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. रिक्षावाल्याला काय सांगायचं ते सुचेना, म्हणून पोचलो.

नामाचं घर आता सिमेंटचं आहे. तो अंगणात बांबूच्या कामट्या काढत होता. केस पांढरे झालेले.

‘गुरुजी? एवढ्या लांब? वाट चुकलात काय?’ मग आत ओरडला, ‘रविना, पाणी आण गो!’

त्याच्या लेकीने तांब्या दिला. मी पाणी प्यालो आणि, आणखी उशीर केला तर बोलणंच होणार नाही हे ओळखून, म्हणालो, ‘नामा, मी खोटं बोललो होतो. फोटो तेव्हाच आला होता.’

त्याने हात पंच्याला पुसले. मी पुढे केलेला फोटो घेतला, लांब धरला, मग जवळ. त्याने बोट कडेला ठेवलं. पट्ट्याचं घड्याळ घातलेला हात. तेच घड्याळ माझ्या मनगटावर होतं.

‘यो तुमचा हात.’

‘हो.’

‘उजेड यावा म्हणून पडदा धरलात.’

‘हो.’

‘आयच्या डोळ्यात फूल पडलेलं. उजेड सोसायचा नाय तिला. म्हणून तं आमी पडदा लावला होता.’ त्याने फोटो पुन्हा जवळ धरला. ‘फोटो काढायचा होता तिला, गुरुजी. पाहुणे येणार कळलं तसं नवं लुगडं मागून घेतलं. ये बघा, तेच नेसलीय. इचारलं असतंत तं बाहेर झाडाच्या सावलीत येऊन बसली असती. चांगलं तोंड दिसलं असतं.’

वीस वर्षं मला वाटत होतं की ती नको म्हणत होती.

रविना बापाच्या खांद्यावरून वाकली. ‘बाबा, आजीचं गोंदण! तू सांगायचास ते हेच? मनगटापासून बोटांपर्यंत?’

‘हेच,’ नामा म्हणाला. फोटोतल्या त्या हातावरून त्याने अंगठा फिरवला. ‘हात तिचाच हाय.’

‘मी चुकलो, नामा.’

‘हां. चुकलात,’ तो म्हणाला. त्याने ते हलकं केलं नाही. मग म्हणाला, ‘वीस वरसं मंजे लय झाली.’

चहा आला. काही बोलायचं म्हणून मी केनियाचं सांगितलं, मसाईंच्या घरांचं सांगितलं.

‘तिकडंपण अंधारी घरं?’

‘हो.’

‘मंग दारातच उभं राहायचं. हाक मारायची. कुठं बसायचं ते आतलं माणूस सांगंल.’ आणि फोटो रविनाकडे देत म्हणाला, ‘आणि फोटो काढलात तं पोचवा.’

निघताना तो अंगणाच्या कडेपर्यंत आला. परत या, असं म्हणाला नाही.

घरी येऊन मी मोबाईलच्या दिव्याचं वाक्य खोडलं आणि लिहिलं: ‘दारातून हाक मारावी. बोलावल्यावरच आत जावं. फोटो कुठे काढलेला आवडेल ते त्यांनाच विचारावं. नाव-पत्ता लिहून घ्यावा आणि फोटो पाठवावा.’

सारिकाने ते वाचलं. ‘छान आहे. पण मामा, इथे परत आल्यावर कोण पाठवतं? लोक विसरतात.’

‘पत्ते मी लिहून घेईन,’ मी म्हणालो. ‘मी पाठवीन.’

माझ्याकडून ते नीट होईल का, मला अजून खात्री नाही. म्हणून पत्त्यांसाठी एक कोरी वही घेतली आहे, आणि ती पासपोर्टसोबत ठेवली आहे.