मोरगावचं निमित्त

सणसरच्या प्रयागबाईंच्या पायाची जखम धुवायला लीलाबाई नर्स बारामतीहून रोज एस.टी.नं येत. त्यांचा हात हलका, जीभ मात्र जरा तिखट. उसाच्या घरात साखरेचाच आजार व्हावा, ही देवाची थट्टा त्यांना मुळीच आवडलेली नव्हती. आता तर अंगठा काळा पडला होता. पुण्याला नेऊन पाय कापला नाही तर म्हातारी जगणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. सांगितलं ते मुलाला, सर्जेरावांना. जिचा पाय, तिला कुणी काही बोललंच नव्हतं.

त्या सकाळी दारात भाड्याची मोटार उभी होती. सर्जेरावांनी लीलाबाईंना गोठ्याकडं बोलावून घेतलं.

"आईला सांगितलंय, मोरगावला गणपतीच्या दर्शनाला जायचंय. पाय कापायचं कळलं तर ती हलायची न्हाय. तुमी निस्तं व्हय म्हणा, बाई. तुमच्या शब्दावर ती मोटारीत बसंल."

म्हातारी जगावी असं लीलाबाईंनाही वाटत होतंच. खरं सांगितलं आणि ती अडून बसली, तर? पण गुंगी उतरल्यावर पाय नाही असं बघून ती ज्या नजरेनं आपल्याकडं बघेल, ती त्यांना सोसवणार नव्हती. आणि नजरेचं जाऊ द्या. पाय तिचा होता.

आत जाऊन त्या खाटेशी बसल्या. "मावशी, मोटार मोरगावला नाही, पुण्याला चाललीय. पाय गुडघ्याखाली कापावा लागेल. नाही कापला तर जीव वाचणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. कापण्यातही धोका आहेच. जायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तरी मी रोज येईन."

"घात केला तुमी, बाई!" सर्जेराव दारातून ओरडले.

"गप रं," प्रयागबाई म्हणाल्या. पायावरचं पांघरूण सारून त्यांनी काळा अंगठा नीट बघितला. मग मुलाकडं वळल्या. "देवाचं नाव सांगून न्यायला निघालास? मी काय बाजारात न्यायची शेरडी हाय? इचारलं असतंस तर कवाच व्हय म्हणाले असते. मला जगायचं हाय."

सर्जेरावांची मान खाली गेली. ते आईला उचलायला वाकले.

"हात लावू नगंस. आज दोन्ही पाय हायेत. चालत जाते."

लीलाबाईंच्या खांद्यावर हात टाकून, टाच टेकवत, ओठ दाबत म्हातारी अंगण ओलांडून निघाली. सगळी आळी बघत होती. खांद्यावरचा भार लीलाबाईंनी आजवर कधी इतक्या ऐटीत वाहिला नव्हता.