शितलच्या सुईणी

मी डहाणूला जतीनभाईंच्या वाडीत चिकू उतरवायचं काम करतो. बारा वर्षं झाली. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी झाडावर होतो. जतीनभाई स्वतः झाडाखाली आले आणि म्हणाले, "सुनिल, खाली ये. कासाला जायचंय. शितलला थोडं लागलंय."

मी गाडीच्या मागे चढायला लागलो. ते म्हणाले, "मागे नको. पुढे बस."

बारा वर्षांत त्यांनी मला कधी पुढे बसवलं नव्हतं. माझ्या हाताला, कपड्यांना चीक लागलेला होता. तेव्हाच मला कळलं. वाटेत गंजाडपर्यंत गाडीत गाणी चालू होती, मग त्यांनी ती बंद केली.

हायवेला खडीवरून तिची स्कूटी घसरली होती. शितल, माझी बायको, गेली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. दवाखान्यातून मला तिची पिशवी दिली. आत वही, पाण्याची बाटली आणि फोन. फोनची काच तडकली होती, पण तो वाजत होता.

ती कासाकडे कशाला गेली होती, ते सांगायला हवं. शितल बीए शिकलेली. मी आठवी. तिला लिहायचा नाद होता. एकदा तिनं फोनवर वाचलं की मुंबईची एक संस्था तरुण लिहिणाऱ्यांना आणि मोबाईलवर व्हिडिओ वगैरे करणाऱ्यांना एक वर्ष दर महिन्याला पैसे देते. त्याला फेलोशिप म्हणतात. तिनं फॉर्म भरला. दोन महिन्यांनी निवड झाल्याचं पत्र आलं. ते तिनं मला आणि माझ्या आईला वाचून दाखवलं.

आई म्हणाली, "म्हणजे बोलायचे पैसे?"

"ऐकायचे, आई. दुसऱ्यांनी बोलायचं, मी ऐकायचं आणि लिहायचं."

"मग नाही जमायचं तुला," आई म्हणाली. तिघंही हसलो.

तिनं विषय घेतला सुईणींचा. दवाखाने जवळ नव्हते तेव्हा आमच्या तलासरीच्या पाड्यांवर ज्यांनी बाळंतपणं केली, त्या म्हाताऱ्या. अशा सात बायका तिनं शोधल्या. त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं, मग लिहायचं, आणि शेवटी लिखाण आणि आवाज दोन्ही संस्थेच्या वेबसाईटवर येणार होतं. सातवी बाई कासाजवळच्या पाड्यावर होती. तिचं ऐकून ती परत येत होती.

आमच्या घरात गेलेल्या माणसाच्या हातातल्या वस्तू त्याच्याबरोबर देतात. आईनं तिचं लुगडं, फणी, आरसा असं गाठोडं बांधलं. मग फोनकडे बघून म्हणाली, "हा रोज तिच्या हातात असायचा. हा राहिला तर ती याच्यासाठी परत येईल. तिला चैन पडायची नाही."

माझा भाऊ लहान्या म्हणाला, "अरे, फोन चांगला आहे, ठेव की." पण तो फोन सकाळपासून वाजत होता. ज्यांना कळलं नव्हतं ते तिलाच फोन करत होते. मला ते सहन होत नव्हतं. मी तो बंद करून गाठोड्यात ठेवला. आगीत टाकला तर फुटेल म्हणून गाठोडं आम्ही नदीत सोडलं.

फोनमध्ये तिचं काम आहे हे मला माहीत होतं. पण मला वाटायचं, ते मुंबईला पोचलेलं आहे. आमच्या पाड्यावर नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळ येतं. ती संध्याकाळी टाकीजवळ फोन वर धरून उभी राहायची आणि घरी येऊन म्हणायची, "गेलं." मला वाटायचं सगळं गेलं. त्या दिवशीच्या सातव्या बाईचं तेव्हा डोक्यात आलंच नाही.

महिनाभरानं संस्थेतल्या निलम मॅडमचा मला फोन आला. बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, "सुनिलदादा, तिचं काम आम्हाला तिच्या नावानं पूर्ण करायचंय. माझ्याकडे दोनच रेकॉर्डिंग आली आहेत. बाकीची पाच फोनवर असतील. फोन पाठवता का?"

मी म्हणालो, "फोन नदीत सोडला."

त्या म्हणाल्या, "पडला?"

"नाही. सोडला."

मग मी त्यांना गाठोड्याचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, जूनच्या शेवटापर्यंत थांबते. तोवर पाच जणींशी परत कुणी बोलू शकलं तर शितलचं काम वेबसाईटवर येईल. नाहीतर तिच्या नावापुढे फक्त विषय लिहावा लागेल.

वहीत पाचही नावं होती. पहिली शुक्री, आमच्याच बाजूच्या पाड्यावरची. रविवारी मी गेलो. ती ओट्यावर वाल सोलत बसली होती, शेजारच्या दोघी होत्या. मी सगळं सांगितलं आणि फोन पुढे केला.

शुक्री म्हणाली, "तुझी नाळ मी कापली. तुझा बाप तेव्हा बाहेर उभा होता. पोरगा बघायला आत ये म्हटलं तरी आला नाही, लाजला. आणि तू आता बाळंतपणं ऐकायला आलास?"

शेजारच्या दोघी हसल्या. एक म्हणाली, "बस की, वाल सोल. शिकवते तुला शुक्रीबाय."

"शितलला सांगितलं होतं ना तुम्ही," मी म्हणालो.

"तिलाही लगेच नाही सांगितलं. दोनदा परत पाठवली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिनं आधी स्वतःचं सांगितलं. मग मी माझं सांगितलं."

"तिचं काय?"

शुक्रीनं शेजारच्या दोघींना पाणी आणायला पाठवलं. मग हळू बोलली, "पोटातलं राहिलं नाही, ते. दोन्ही वेळचं."

मला एकच वेळ माहीत होती. शुक्रीनं माझ्याकडे बघितलं आणि तिला ते कळलं. म्हणाली, "जा पोरा. बाईमाणसाला पाठव."

बाईमाणूस म्हणजे घरात आईच. फोनबरोबर शितलचं कामही नदीत गेलं, हे मी तिला तोवर सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. तिनं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "मीच दे म्हणाले होते." आणि थोड्या वेळानं, "मी जाते शुक्रीकडे. ते कुठे दाबायचं ते दाखव."

पुढच्या रविवारी मी तिला घेऊन गेलो. तिला लाल गोल दाखवला. मी रस्त्यावर जाऊन बसलो. दोन तास लागले. आतून आईचाच आवाज जास्त येत होता. दोघी मधेच भांडल्याही, माझ्या जन्माला तीन दिवस लागले की दोन, यावरून.

येताना आई म्हणाली, "झालं. पण मी तिला शब्द दिलाय. तू ऐकायचं नाहीस. कुठलाच पुरुष ऐकणार नाही, असं सांगितल्यावर ती बोलली. आणि वेबसाईटवर फक्त लिहिलेलं. आवाज नाही."

"कबूल," मी म्हणालो.

टाकीजवळ उभा राहून मी ते निलम मॅडमना पाठवलं. यावेळी पोचलं की नाही ते फोन करून विचारलं. पोचलं होतं. दोन दिवसांनी त्या म्हणाल्या, "खूप छान बोलल्यात दोघी. पण वारलीत आहे, मला निम्मं कळत नाही. भाषा येणाऱ्या कुणीतरी ऐकून उतरवून द्यायला हवं."

आईला लिहिता येत नाही. मला येतं, पण मी ऐकायचं नाही. पाड्यावर लिहिता येणाऱ्या दोन सुना आहेत. त्या पहाटे कंपनीच्या गाडीनं वापीला जातात आणि अंधार पडल्यावर येतात. एकीला विचारलं. ती म्हणाली, "भाऊ, रविवारी बघते." तीन रविवार झाले. तिला तरी काय म्हणणार? रविवारी तिचे कपडे, तिची मुलं.

मधे उधव्याची म्हातारी गेली. पाचांतली ती दुसरी होती. तिचं जे काही होतं ते शितलनं ऐकलं होतं, आणखी कुणी नाही.

आईचे गुडघे दुखतात. तरी ती म्हणते, बाकीच्या तिघींकडे जाऊ. मी रविवार सोडून सुट्टी घेत नाही, चिकूचा बहर चालू आहे. जतीनभाई देतील, पण मीच मागत नाही. झाडावर असलो की दिवस जातो.

आज जूनची आठ तारीख आहे. तीन बायकांकडे जायचं राहिलं आहे. शुक्रीचं बोलणं फोनवर आहे, ते लिहून काढायचं राहिलं आहे.