वरवंटा एकटा येत नाही

मित्रांनो, मी एक जुना पाटा आहे. काळा, खरखरीत आणि सध्या भयंकर चिडलेला. माझी गोष्ट गोड वगैरे नाही, आधीच सांगून ठेवतो.

द्वारका चौकाच्या कडेला एका पाथरवटाने मला घडवलं. धोंडीरामच्या पहिल्या बायकोने, लताबाईने, मला इंदिरानगरच्या घरी आणलं. बिचारी लवकर गेली. पाठोपाठ माझा वरवंटाही पायरीवरून पडून दुभंगला. घरात उरले धोंडीराम, लहानगा शेखर आणि भिंतीला टेकवून ठेवलेला मी.

मग धोंडीरामने दुसरं लग्न केलं आणि चतुराबाई आली. तीही नवरा गमावलेली. कडेवर लेक तेजस्विनी, पिशवीत स्वतःचा वरवंटा. तो माझ्यावर नीट बसेना, नुसता खडखड वाजायचा. मीही काही कमी नव्हतो, त्याला सरळ फिरू देत नव्हतो. पण ती रोज वाटत राहिली. हळूहळू तो माझ्यापुरता झिजला, मी त्याच्यापुरता. शेखर ताट घेऊन माझ्याशेजारी बसायचा. "आई, अजून थोडी चटणी दे ना," म्हणायचा. घरात मिक्सर आला, तरी लसणाची चटणी आमच्यावरच व्हायची.

गेल्या वर्षी धोंडीराम गेला. तेराव्याचे पाहुणे अजून चपला घालत होते, तेवढ्यात शेखरने हक्कसोडपत्र तिच्यापुढे ठेवलं.

"चतुराबाई, इथे सही करा. या घराला माझ्या आईचे दागिने लागलेत. तुम्ही मनमाडला तुमच्या मुलीकडे राहा."

चतुराबाई म्हणे! कालपर्यंत आई होती ती. धोंडीरामची लग्नाची बायको, या घरात तिचाही वाटा. मला हात असते ना, तर त्याला एक ठेवून दिली असती.

तिने सही केली नाही. भांडलीही नाही. "पाटा तुझ्या आईचा, तो ठेव. वरवंटा माझा," एवढंच म्हणाली आणि पिशवी उचलली.

"न्या तो दगड," शेखर म्हणाला.

अरे, त्याच दगडाच्या चटणीवर वाढलास ना? मला गॅलरीत टाकलं आणि वर मनी प्लांटची कुंडी ठेवली. वरवंट्याशिवाय पाटा म्हणजे नुसती फरशी. कुढत पडून राहिलो.

यंदा शेखरला मुलगी झाली. बारशाला आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात ठेवतात, मग बाळाला. बाळ तसंच टणक व्हावं म्हणून. शेखरची बायको संध्या म्हणाली, "घरातला वरवंटा तुम्ही घालवलात, आता तुम्हीच आणा."

गॅलरीत येऊन, फोन स्पीकरवर टाकून, साहेब माझ्यासमोरच बोलले. "तो वरवंटा जरा पाठवून द्या. कुणाबरोबर दिलात तरी चालेल."

म्हणजे दगड हवा, माणूस नको. माझं असं डोकं फिरलं!

"तो एकटा येत नाही," चतुराबाई म्हणाली. "माझ्या कडेवर बसून येईल."

आणि आली. कडेवर वरवंटा, हातात कपड्यांची बॅग. आधी वरवंटा पाळण्यात गेला, मग बाळ, आरोही. पाहुणे गेल्यावर शेखर बॅगेकडे बघत उभा राहिला. "परतीची गाडी कितीची आहे?" त्याने विचारलं.

चतुराबाईने माझ्यावरची कुंडी उतरवली, मला धुतलं आणि स्वयंपाकघरात माझ्या जुन्या जागी मांडलं. "मी घरी आलेय, शेखर. गाडी कसली विचारतोस? लसूण सोल."

तो खाली बसून सोलू लागला. त्या दिवशी मी मिरचीचं बी न् बी चिरडलं, कसूर म्हणून ठेवली नाही. पहिल्याच घासाला शेखरच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या.

"आई, पाणी दे," तो म्हणाला.

तिने तांब्या पुढे केला.

मित्रांनो, तुमच्याही घरी उद्या वाटण्या होतील. भांडी वाटा, जमिनी वाटा, खुशाल वाटा. पण जिच्या हातचं खाऊन मोठे झालात, तिला दाराबाहेर काढू नका. शेखरवरचा माझा राग निम्मा उतरलाय. उरलेला निम्मा त्याने तो हक्कसोडपत्राचा कागद तिच्यासमोर फाडल्याशिवाय उतरायचा नाही. तोवर चटणी अशीच तिखट होईल.