विकाऊ ओरखडा

मी एक जुनी भाड्याची गाडी आहे. मित्रांनो, गाडीला तोंड कुठलं, असं म्हणू नका. समोरून पाहा, भलंमोठं तोंड आहे मला. आणि मी खोटंही बोलत नाही, फक्त सांगताना मीठ जरा सढळ हातानं पडतं.

कराडला लागून मलकापूर आहे. तिथे महामार्गाच्या कडेला मानसिंगरावांची पत्र्याची शेड आहे, तिच्यात मी उभी असते. माझा रंग पांढरा. नंबरपाटी काळी आणि तिच्यावरची अक्षरं पिवळी. काळ्यात पिवळं, म्हणजे माझं मंगळसूत्रच म्हणा ना! रीतसर भाड्यानं चालवायला दिलेल्या गाडीची ही खूण. पांढऱ्या पाटीची घरगुती गाडी कुणी गुपचूप भाड्यानं देऊ लागला, तर तिच्या वाटेला जाऊ नका. वाटेत काही झालं, तर विमावाले ओळखसुद्धा दाखवणार नाहीत.

माझा जन्म चाकणच्या कारखान्यात झाला. रंग देणाऱ्या यंत्राला मी इतकी आवडले, की त्यानं मला एक हात जास्तच फिरवला. कारखान्यात याची कुठे नोंद नाही, पण म्हणून ते घडलंच नाही असं थोडंच आहे?

माझे पहिले धनी सांगलीचे लालासाहेब. हळदीचे व्यापारी. त्यांनी मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. एकदा कृष्णेचं पाणी पेठेत शिरलं, तेव्हा मी पोहत बाहेर आले. खरं म्हणजे पाणी निम्म्या चाकापर्यंतच होतं, पण पोहल्यासारखंच वाटलं मला. त्याच पेठेत एके दिवशी गुळाच्या ढेपांनी भरलेली हातगाडी वळली, तिचा लोखंडी कोपरा माझ्या मागच्या डाव्या दारावरून फिरला आणि हातभर ओरखडा उमटला. लालासाहेब म्हणाले, "राहू द्या. आता दृष्ट लागायची नाही." त्यांच्या त्या मायेची आठवण म्हणून मी तो ओरखडा मिरवत राहिले.

पुढे लालासाहेबांनी नवी गाडी घेतली आणि मी मानसिंगरावांकडे आले. माणूस गोड. इतका गोड, की चहात साखर घालायची गरज नाही, नुसतं त्यांना "चहा घ्या" म्हणायला लावावं. पण त्यांच्या हाती माझ्या ओरखड्याचं नशीब फळफळलं. गिऱ्हाईक गाडी परत घेऊन आलं, की मानसिंगराव त्या दारापाशी थबकायचे, चुकचुकायचे आणि म्हणायचे, "अरारा! ह्यो कुठं घासला वं?" बिचारं गिऱ्हाईक गोंधळायचं आणि पैसे काढून द्यायचं. त्या एका ओरखड्याचे पैसे इतक्या जणांनी भरले, की तेवढ्यात माझ्यासारखी दुसरी गाडी आली असती आणि तिलाही हौसेनं दोन ओरखडे पाडून घेता आले असते.

बाकीही करामती होत्या. माझ्या डिझेलचा काटा जन्माचा आळशी. टाकी गळ्यापर्यंत भरली तरी तो निम्म्यावर लोळत असतो. साताऱ्याच्या एका जोडप्यानं टाकी भरून आणली, पंपाची पावती मात्र वाटेत टाकून दिली. झालं, निम्म्या टाकीचे पैसे त्यांच्याकडून पुन्हा घेतले. दिवसाला ठराविक किलोमीटरच भाड्यात धरतात, त्यापुढचे वेगळे पडतात, हे वाक्य मानसिंगराव गाडी परत आल्यावरच उच्चारायचे. टोलचं तसंच आणि उशिराचंही तसंच. अर्धा तास उशीर झाला, तर त्यांच्या हिशेबात आख्खा दिवस उजाडायचा.

गेल्या हिवाळ्यात बनाबाई आणि त्यांचा मुलगा अमृत एसटीनं आटपाडीहून आले. बनाबाईंचं तरुणपण मेंढरांमागं चालण्यात गेलेलं. अमृत फौजेत ट्रक चालवतो. मेंढरांमागं पश्चिमेकडे येता येता पाटणच्या पुढे एका शिवारात बनाबाईंचे दिवस भरले होते. त्या शेताच्या मालकीण मनुबाई. त्यांनी ओळख ना पाळख असताना बनाबाईंना घरात घेतलं, बाळंतपण केलं, आणि अमृत त्यांच्या ओसरीवर पहिल्यांदा रडला. "सुट्टी संपायच्या आत मनुबाईची गाठ घालून दे," एवढंच आईनं मुलाकडे मागितलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कराडहूनच अमृतची रेल्वे होती.

अमृतच्या पलटणीत जयराज नावाचा सोबती होता, मानसिंगराव त्याचे मामा. म्हणजे ओळखीचं काम. आणि आमच्या भागात ओळखीचं काम म्हटलं, की माणसाची जीभ तिथेच अडखळते.

"भाडं कसं काय, मामा?" अमृतनं विचारलं.

"आवं पावणं, तुमच्याकडनं काय जास्त घ्यायचं! जावा बिनघोर. आल्यावर बघू."

त्या 'जास्त'पाशी मी जिवाच्या आकांतानं भोंगा वाजवला. पण किल्ली लावलेली नव्हती, त्यामुळे तो कुणाला ऐकू गेला नाही. अमृत पुन्हा काही विचारणार, तोच बनाबाईंनी त्याला कोपर मारलं. "वळखीतल्या माणसाला लय खोदून इचारू ने रं. वाईट दिसतं."

अमृतची काळी पत्र्याची पेटी सोबत होती. तिच्यात वर्दी आणि सुट्टीचे कागद.

"ही धोंड कशाला वागवताय?" मानसिंगराव म्हणाले. "ऱ्हाऊ द्या हितं माझ्या हाफिसात. घरचं समजा."

पेटी आत गेली आणि कुलूप लागलं.

मग बनाबाईंनी कमरेची पिशवी सोडली. त्यांच्याकडे कुठल्याही शुभ कामाला भंडारा उधळतात. भंडारा म्हणजे देवाची हळद. भाड्याची असली म्हणून काय झालं, त्यांच्या दृष्टीनं मी परगावी निघालेली लेकच. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत त्यांनी मला बॉनेटपासून मागच्या दारांपर्यंत मूठमूठ भंडारा फासला. माझा ओरखडा हळदीनं भरून गेला आणि उन्हात चांगला उठून दिसू लागला. लालासाहेबांच्या पेठेतला वास आला मला! मानसिंगरावांनी नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि हात लांब करून स्वतःसकट सगळ्यांचा फोटो काढला. तो लगेच अमृतला पाठवलासुद्धा. "गावात समद्यांस्नी दावा, पावणं. जाहिरात हुईल आमची."

अमृतनं मला असं चालवलं, की खड्डे स्वतःहून बाजूला सरकत होते. मागं बसून बनाबाई बोट दाखवत होत्या. "हितं आमची मेंढरं बसायची. त्या बांधाला चूल मांडायची." पायांनी तुडवलेली ती सगळी वाट काचेआडून त्या पहिल्यांदाच बसून पाहत होत्या.

मनुबाई आता थकल्या होत्या. दिसायचं कमी झालेलं. बनाबाईंनी आटपाडीची डाळिंबं पुढं ठेवली आणि अमृतला वाकायला लावलं.

मनुबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "ह्योच का त्यो? लय बोंबलत हुता गं!"

"आता साहेब बोंबलत्यात ह्याच्यावर," बनाबाई म्हणाल्या, आणि दोघी म्हाताऱ्या डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसल्या. अंगणात उभी राहून मी ते सगळं पाहिलं. मित्रांनो, चार चाकांच्या जन्माचं सार्थक झालं म्हणतात, ते हेच.

मागून आणलेलं भांडं घासून-पुसून, वर त्यात काहीतरी घालून परत करायचं, ही बनाबाईंच्या घरची रीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला मनुबाईंच्या अंगणात दोन बादल्या पाण्यानं चोळून चोळून धुतलं. अमृतनं टाकी भरली आणि पंपाची पावती जपून खिशात ठेवली. मागं मनुबाईंच्या तांदळाचं एक गाठोडं खास मानसिंगरावांसाठी ठेवलं. अशी नटूनथटून मी शेडमध्ये परतले.

मानसिंगरावांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. डाव्या दारापाशी थबकले. "अरारा! ह्यो कुठं घासला वं, पावणं?"

"आदीचाच असंल की, मामा."

"आदीचा? गाडी कोरी दिलीया म्या. पत्रा भरून द्यावा लागंल. किलोमीटर बी जास्त झाल्यात. आन् धुलाईचं येगळं."

"धुतलीया की आमी!"

"तुमची धुलाई येगळी, आमची येगळी."

"बरं, बघतो. पेटी तर द्या. गाडीची येळ झालीया."

"देतो की. हिशेब झाला, की पेटी तुमचीच."

घड्याळ पुढे पळत होतं. शेडमध्ये दुसरी गाडी घ्यायला आलेलं एक कुटुंब हे सारं ऐकत उभं होतं. कुलपाआड वर्दी, आणि दुसऱ्या दिवशी हजेरी. उशिरा पोहोचलेल्या जवानाला फौज काय विचारते, ते अमृतला चांगलं माहीत होतं. त्यानं पाकीट बाहेर काढलं.

"त्ये खिशात घाल," बनाबाई म्हणाल्या.

"आये, गाडी चुकंल!"

"आन् पैसं दिलंस तर काय चुकंल? फौजेच्या ट्रकाला येक चरा पाडला न्हाईस तू. आन् हितं न पाडलेला कबूल करून जातोस व्हय?"

त्या माझ्या दारापाशी आल्या. न पाहताच भांडायचं कसं, म्हणून त्यांनी पदराचं टोक ओलं केलं आणि ओरखड्यावर जोरानं घासलं. पदर पिवळा झाला! दोन बादल्यांनी माझं सगळं अंग धुऊन निघालं होतं, पण ओरखड्याच्या पोटात बसलेली हळद काही हलली नव्हती.

बनाबाईंनी पदर वर धरला. "आरं लेकरा, ओरखडा वाटंत पडला म्हणतोस, मग भंडारा त्याच्या आदी आत जाऊन बसला व्हय?"

"वाटंत बी लावला असंल तुमी," मानसिंगराव पुटपुटले.

तेव्हा अमृतला फोटोची आठवण झाली. त्यानं फोन काढून बोटांनी चित्र मोठं केलं. पुढे तोंडात खोबरं घेतलेले मानसिंगराव, मागं त्यांचीच शेड, आणि त्यांच्या खांद्याशेजारी माझ्या दारावरची हातभर लांब पिवळीजर्द रेघ.

"तुमीच पाठवलाय, मामा. समद्यांस्नी दावा म्हणला हुता." अमृतनं फोन त्या कुटुंबाकडे वळवला.

फोटोत मानसिंगरावांच्या तोंडात निदान खोबरं होतं. आता काहीच नव्हतं. त्यांनी दोन दिवसांचं नेहमीचं भाडं तेवढं घेतलं आणि कुलूप काढलं. अमृत पेटी उचलत होता, तेवढ्यात बनाबाईंनी तांदळाचं गाठोडं मानसिंगरावांच्या हातात ठेवलं. "ह्ये तुला आणलं हुतं. घे."

"ऱ्हाऊ द्या, मावशी."

"घे म्हणते ना. तुझी गाडी नसती, तर मनुबाई दिसली नसती मला."

तिथे मी आनंदाच्या भरात आपोआप सुरू झाले. मानसिंगराव म्हणतात, त्यांनीच किल्ली फिरवली. फिरवली असेल. त्यांनी दोघांना बसवलं आणि कराडचं रेल्वे स्टेशन असलेल्या ओगलेवाडीपर्यंत मला असं पळवलं, की माझी सावली आम्ही पोहोचल्यानंतर आली. अमृत पेटी घेऊन डब्यात चढला. रेल्वे हलली. ती दिसेनाशी होईपर्यंत बनाबाई हात हलवत राहिल्या.

मग येऊन मागच्या सीटवर बसल्या. "आता यष्टी ष्ट्यांडावर सोडशील? पर भाडं आदी सांग. त्यात काय काय धरलंस, त्ये बी सांग."

"लाजवू नका, मावशी," मानसिंगराव म्हणाले. "काय द्यायचं न्हाई."

"लाजवत न्हाई रं, इचारतीया. काल आदीच इचारलं असतं, तर आज चारचौघांत तू बी खोटा पडला नसतास."

मानसिंगरावांनी मला स्टँडकडे वळवलं. ते येईपर्यंत दोनदा आरशातून त्यांनी मागं पाहिलं. उतरल्यावर बनाबाईंनी माझ्या टपावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "दमलीस गं बाई." इतक्या वर्षांत इतक्या जणांनी मला वापरलं, पण दमलीस म्हणणारी ती एकटीच.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. माझ्यासारखी कुणी भाड्यानं घेतलीत, तर आधी तिच्याभोवती फेरी मारा, अंगावरून हात फिरवा आणि जुने व्रण फोटोत टिपून ठेवा. भाडं, किलोमीटर, टोल, उशीर, सगळं निघण्याआधी तोंडानं विचारा आणि कागदावर घ्या. मालक ओळखीचा असेल तर जास्तच विचारा. त्यात त्याचा अपमान नाही, उलट त्याची अब्रू राखली जाते. आणि परत देताना क्षणभर टपावर हात ठेवा. त्याचं वेगळं भाडं पडत नाही.