ताईची हनुवटी

धाकटा भाऊ परदेशातून जेमतेम शनिवार-रविवारपुरता आला, तोही कानांवर हेडफोन चढवूनच. ताईने दार उघडून "आलास रे बाबा!" म्हटलं, तर त्याने ओठांवर बोट ठेवलं. म्हणे, विमानात कान थकलेत.

ताईने मनाला लावून घेतलं नाही. तिच्या गळ्यात गाठ होती, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. नंतर आवाज कसा राहील ते देवालाच ठाऊक. डॉक्टरांनी तर हात वर केले होते. त्याआधी एक गाणं नीट रेकॉर्ड व्हावं, आणि त्यात धाकट्याचं व्हायोलिन असावं, एवढंच तिचं मागणं. लहानपणापासून ती गायची आणि तो शेजारी बसून वाजवायचा.

ताई, तिचा नवरा, धाकटा आणि एक ड्रमवाला, असा त्यांचा बँड. त्याची एक रीत होती. ताई सूर धरायची, मनाचं समाधान होईपर्यंत धरायची. तिची हनुवटी खाली आली की बाकीचे सुरू व्हायचे. मोजणं वगैरे काही नाही. भगवंताने दिलेला श्वास, त्याला संपायचं तेव्हा संपेल.

स्टुडिओत शिरल्याशिरल्या धाकट्याचं निरूपण सुरू झालं. "प्रत्येकाने वेगळ्या काचेच्या खोलीत बसायचं. कानात ठोका वाजेल, त्यावर वाजवायचं. तिकडे असंच करतात."

"तिकडे सगळे एकमेकांवर रुसलेले असतात का रे?" ड्रमवाल्याने विचारलं.

गिटार जुळवत बसलेल्या ताईच्या नवऱ्याकडे धाकटा वळला. "दाजी, तुम्ही तरी सांगा यांना."

"मी घरातसुद्धा कुणाला काही सांगत नाही," दाजी म्हणाले.

झालं. चौघे चार खोल्यांत. कानात टिक, टिक. ताईने सूर लावला, हनुवटी खाली आणली. पण तिची काच दाजींच्या पाठीमागे आणि ड्रमवाल्यासमोर तर नुसती भिंत. दोघेही आपले सवयीने हनुवटीची वाट बघत बसले. धाकटा तेवढा हनुवटीच्या आधीच बरोब्बर ठोक्यावर सुरू झाला होता, ताईच्या सुरात मध्येच घुसून.

ताईने हेडफोन काढला. "इकडे ये. माझ्या शेजारी बस."

"अगं, एका खोलीत सगळे आवाज एकमेकांत मिसळतात."

"अरे, त्यासाठीच तर बोलावलं तुला!"

धाकट्याने घड्याळ बघितलं. विमान गाठायचं होतं. "माझा भाग मी तिकडून वाजवून पाठवतो. कुणाला कळणारसुद्धा नाही."

तो गेल्यावर उरलेले तिघे एका खोलीत गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि ताई गायली.

"मागे खुर्ची करकरली," रेकॉर्डिंगवाला म्हणाला. "परत घेऊ या?"

"राहू दे," ताई म्हणाली. "निदान ती वेळेवर करकरली."

ऑपरेशन पार पडलं. त्याच आठवड्यात धाकट्याचं व्हायोलिन आलं. स्वच्छ, चकचकीत, आणि ताईचा श्वास संपायच्या आत सुरू होणारं. दाजींनी पलंगाशी बसून तिला ते जोडलेलं गाणं ऐकवलं, मग व्हायोलिनशिवायचं गाणं ऐकवलं. "कोणतं ठेवू?" ताईने दुसऱ्याकडे बोट केलं आणि पदराने डोळे टिपले.

तेवढ्यात फोनवर धाकट्याचा चेहरा उगवला. "ताई, कसं वाजलंय? अगदी खरं खरं सांग हं!"

डॉक्टरांनी एक अक्षरही बोलायचं नाही, असं बजावलं होतं. ताईने आजवर कुठल्याच डॉक्टरचं ऐकलं नव्हतं. या वेळी मात्र तिने पथ्य अगदी मनापासून पाळलं.