सब्ज्याचे तुरे

रहिमतपूरच्या घरामागं वजीर आणि हुसेनबी या नवराबायकोचं चाळीस वर्षं एकाच गोष्टीवरून भांडण चाललं. सब्ज्याचे तुरे खुडायचे की ठेवायचे? खुडले की झाड फुटतं, दाट होतं, आणि कबरीवर घालायला सब्जा मागणाऱ्या गल्लीतल्या बायका रिकाम्या हातानं परत जात नाहीत, असं हुसेनबीचं म्हणणं.

"मेलेल्यांचं लय बघतीस," वजीर म्हणायचा. "ह्या जित्या मधमाशांनी काय खायाचं?"

धंदा कल्हईचा, पण सकाळचा चहा बशीत ओतून तो वाफ्यापाशी बसायचा आणि माशांची हजेरी घ्यायचा. त्याची पाठ वळली की ही तुरे खुडायची.

श्रावणात तो सांगलीच्या दवाखान्यात गेला, तो तिथंच संपला. रस्ते पाण्याखाली होते. लेकानं, तारिकनं, त्याला सांगलीतच माती दिली. हुसेनबीला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

मौतीनंतर चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाला तारिक आला, तेव्हा तिनं सब्ज्याची सहा रोपं पिशवीत घालून त्याच्या हाती दिली. चार-चार पानांची.

"अब्बाच्या कबरीवर लाव. आन् तुरं खुडू नगंस."

भांडणात ती पहिल्यांदाच हरत होती, आणि ते बघायला तो नव्हता.

आठव्या दिवशी तिनं फोन केला. "लागली का रं रोपं?"

"लागली की, अम्मी."

"माशा येत्यात?"

"लय येत्यात. नुसत्या घोंघावत्यात."

तिनं फोन ठेवला. एवढ्याशा रोपाला तुरा यायला दोन महिने लागतात. फुलाशिवाय सांगलीच्या माशा काय हळद खायला येतात?

पण इद्दत, नवरा गेल्यावर बाईनं पाळायची मुदत, चालू होती. चार महिने दहा दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. दर शुक्रवारी ती तेच विचारायची, तोही तेच सांगायचा.

इद्दत संपली. दुसऱ्या दिवशी नवी रोपं मांडीवर घेऊन ती सांगलीच्या एसटीत बसली. वाटेत तिनं लेकासाठी शिव्या जुळवून ठेवल्या.

तारिकच्या गॅलरीत ती पिशवी तशीच होती, गाठसुद्धा सुटलेली नव्हती. आत काळ्या काड्या.

"हे पिशवीला हात लावू देत न्हाईत कुणाला," सबीना, तिची सून, हळूच म्हणाली.

तारिक भिंतीकडं बघत होता. "फाटकापर्यंत जातो, अम्मी. म्होरं पाय उचलत न्हाई. अब्बांना खाली मीच उतरवलं न्हवं का."

जुळवलेल्या शिव्यांतली एकही तिला आठवेना.

"चल," ती म्हणाली. "बाईमाणसानं आत जायची आपल्यात रीत न्हाई, आन् तुझी हिंमत न्हाई. फाटकापर्यंत तरी दोघं जाऊ."

कबरस्तानाच्या फाटकाशी तिनं रोपं त्याच्या हातात दिली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग तो गेला.

परत आला तेव्हा कोपरापर्यंत चिखल होता.

"लावली?"

"लावली. पाणीबी घातलं."

"माशा हायत?"

तारिकनं खाली बघितलं. "एकबी न्हाई, अम्मी. निस्ती माती हाय."

तिनं पदरानं त्याचे हात पुसले, एकेक बोट. चार महिन्यांत आज पहिल्यांदा, लेकाच्या शब्दांतून, तिला नवऱ्याची कबर दिसली. मग तिथंच, फाटकाचा गज धरून, ती खाली बसली.