तिघांची थंडी

टाचणी गंजलेली होती. अकरा वर्षं त्या कागदांच्या डाव्या कोपऱ्यात रुतून बसलेली, आणि तिचा तपकिरी डाग पहिल्या पानावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असा खाली झिरपत गेलेला. बँकेच्या काउंटरपलीकडच्या बाई काहीतरी सांगत होत्या, पण तो कागदांची कड अंगठ्यानं उचलून बघत होता – शेवटच्या पानापर्यंत पोचलाय का हा…

“इथं सही करा. आणि इथं. घराचे मूळ कागद मिळाले म्हणून.” बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. “वीस वर्षांचं कर्ज अकरा वर्षांत! लॉटरी लागली की काय?”

“नाही हो. काटकसर.”

“कमाल आहे तुमची. आमच्याकडे लोक मुदत वाढवून मागायला येतात.”

“माझ्या एकट्याची नाही,” तो म्हणाला. “आम्ही तिघांनी केली.” आणि हे वाक्य तोंडातून गेल्यावर त्याला एवढं बरं वाटलं की दारापर्यंत जाताना त्यानं ते मनातल्या मनात आणखी दोनदा म्हणून बघितलं.

चार वाजून गेले होते. तयार कपड्यांच्या कारखान्यात तो कटिंग मास्तर होता. तिथून त्यानं अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, चौदा वर्षांत तिसऱ्यांदा. बस आली, थांबली, गेली. तो चालत निघाला. आता बसमध्ये बसायला हरकत नव्हती खरं तर, पण पायांना हे अजून कुणी सांगितलं नव्हतं. वारा बोचरा होता. दोन स्वेटर, त्यावर कोट – कोटाच्या आत, छातीशी, कागद.

घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. शेवटचा हप्ता महिनाभर आधी भरूनही तो गप्प राहिला होता. जेवताना दोनदा अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं, दोन्ही वेळा पाणी पिऊन गिळलं. कागद हातात आल्याशिवाय नाही. कारण कागदाशिवाय घर म्हणजे काय असतं ते त्यानं बघितलं होतं – नऊ वर्षांचा असताना, फुटपाथवर. मालकानं खोलीला कुलूप घातलं तेव्हा आई ट्रंकेवर बसली होती आणि वडील कुणाला तरी शोधायला म्हणून गेले ते संध्याकाळपर्यंत आलेच नाहीत. येणारेजाणारे त्यांच्या भांड्यांत डोकावून बघत होते. एका पातेल्यात सकाळची आमटी होती, झाकण सापडत नव्हतं म्हणून त्यानं दोन्ही हात पातेल्यावर धरले होते… लोकांनी बघू नये म्हणून. घर नसणं म्हणजे दुसरं काही नाही, आपलं पातेलं उघडं पडणं.

म्हणून हे सगळं. चपटा झालेला साबण नव्या वडीला चिकटवायचा. टूथपेस्टची नळी कात्रीनं कापायची – कापायला तर काय, त्याचा हातखंडाच. दिवाणखान्यात एकच मिणमिणता दिवा. कारखान्यात दुपारच्या चहाला सगळे उठत तेव्हा तो टेबलावरची कात्रणं गोळा करी. फेकायचीच असत, मालकाची ना नव्हती, घरी पुसायला उपयोगी पडत. आणि हिवाळ्यात हीटर नाही. बायकोनं पहिल्याच वर्षी विषय काढला होता, तेव्हा तो म्हणाला होता, “हीटर म्हणजे नोटा जाळून शेकणं.” ती हसली होती. हसली होती ना? मग तिघं एकाच पांघरुणात बसत, संध्याकाळी सहानंतर, तो घरी आला की. लेक लहान होती तेव्हा हातांत मोजे घालून गृहपाठ करायची, आणि मध्येच ते मोजे एकमेकांशी भांडायला लागायचे. एक मोजा म्हणायचा, मला थंडी वाजते. दुसरा म्हणायचा, गप, घर घ्यायचंय. तो पोट धरून हसायचा. त्याला कुणी विचारलं असतं की बाबा रे, तुझ्या आयुष्यात सुख कुठं आहे, तर त्यानं त्या पांघरुणाखाली बोट दाखवलं असतं. गरीब नव्हते ते. ते तिघं मिळून थंडी सोसत होते, यात काहीतरी होतं – शब्द सापडत नव्हता, पण लग्नात, बारशात, कशातच त्याला ते सापडलं नव्हतं – आपण तिघं एका बाजूला आणि सगळं जग, बँक, मालक, कुलुपं दुसऱ्या बाजूला.

विजेच्या दुकानापाशी तो थांबला. आत जाऊन त्यानं सगळ्यांत मोठा दिवा मागितला. दुकानदार म्हणाला, “हॉल आहे की मैदान?” तोही हसला. घासाघीस न करता पैसे दिले, आणि पिशवीलाही नाही म्हणाला नाही.

जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर त्याला हसू ऐकू आलं. बाईचं हसू, मोकळं, मध्येच श्वास अडकून पुन्हा सुटणारं. कोण ही? एवढं हसतं कोण आपल्या जिन्यात, असं मनाशी म्हणत तो आणखी सहा पायऱ्या चढला आणि सातवीवर थबकला. ते हसू त्याच्याच दारामागून येत होतं. त्याच्या बायकोचं होतं. एकवीस वर्षांच्या संसारात त्यानं ते कधी ऐकलं नव्हतं.

मग लेकीचा आवाज, जाड केलेला, नाकातला, “काय गं, नोटा जाळून शेकताय का? आँ? साबण कुणी ओला ठेवला? साबण रडतोय, पुसा त्याला!” आणि तीन बायकांचं हसणं एकदम उसळलं. तिसरी खालच्या मजल्यावरची वहिनी. म्हणजे हे तिलाही ठाऊक… तिला ठाऊक म्हणजे अख्ख्या जिन्याला.

दारापाशी पोचेपर्यंत किल्ली त्याच्या हातात होती. परत खाली जावं, सहाला नेहमीसारखं यावं – हा विचार त्याच्या मनात आला, स्पष्ट आला, आणि त्याचा त्याला इतका संताप आला की त्यानं कुलूप जवळजवळ ओरबाडूनच उघडलं.

आधी अंगावर ऊब आली. मग काहीतरी तळल्याचा वास, आणि उजेड – कोपऱ्यात एक उंच दिवा, पिवळ्या टोपीचा, तो त्यानं कधी पाहिला नव्हता. टेबलावर रंगीत तुकड्यांचा पसरलेला ढीग. जमिनीवर लालभडक तापलेला हीटर. पण हे नंतर. आधी दिसले ते हात. कुणी किंचाळलं नाही, दचकलंसुद्धा नाही. लेकीनं मान न वळवता हीटरचं बटण बंद केलं, बायकोनं एका हातानं दिवा मालवला आणि दुसऱ्यानं खिडकी उघडली, वहिनींनी जाड फडक्यानं हीटर मुठीला धरून उचलला आणि त्या दाराकडे वळल्याही. पाण्यासारखं चाललं सगळं. कारखान्यात वीस वर्षं एका टेबलावर काम केलेल्या माणसांचे हात असे चालतात. मग वहिनींना दारात तो दिसला.

“मास्तर… आज लवकर?”

“ठेवा तो, वहिनी. भाजेल.”

त्यांनी ठेवला. त्याच्याकडे न बघता अंग चोरून त्या बाहेर पडल्या, आणि जिन्यात त्यांच्या चपला बराच वेळ वाजत राहिल्या.

“किती वर्षं?” त्यानं विचारलं.

लेक म्हणाली, “मी सहावीत होते.” आता ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती.

“घरखर्चातला एक पैसा घेतला नाही,” बायको म्हणाली. आवाज शांत होता, तयार होता, जणू आठ-नऊ वर्षं हे वाक्य पुसून-घासून ठेवलेलं. “तुम्ही आणता त्या कात्रणांचे उशांचे अभ्रे शिवते. पांघरुणं शिवते. वहिनींची बहीण विकते. विजेचे जास्तीचे पैसे मी त्यातूनच भरते, बिल मीच भरते ना… आणि दर तीन महिन्यांनी तुमच्या हातात पैसे ठेवायची, हप्त्यासाठी वाचवलेले म्हणून – ते वाचवलेले नव्हते हो. एवढे वाचतात का कधी? कमावलेले होते.”

त्यानं कोटातून कागद काढून टेबलावर ठेवले. “फिटलं,” तो म्हणाला. किती वेळा हा शब्द त्यानं उच्चारून बघितला होता, वेगवेगळ्या आवाजांत, रस्त्यानं, अंघोळ करताना. आणि आता तो असा आला, दुकानदारानं हिशेब सांगावा तसा.

बायकोनं हात पदराला पुसले, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तिचे डोळे भरून आले. “खरंच?” ती म्हणाली. “अहो, खरंच?” आणि तिनं त्याचा हात धरला. तिचा हात उबदार होता, त्याचा गार, आणि त्यानं तो सोडवून घेतला – मुद्दाम नाही, पण घेतला.

“मला सांगावंसं वाटलं नाही?”

“सांगितलं असतं तर तुम्ही हीटरचे पैसेही हप्त्यात घातले असते.”

खरं होतं. त्यानं घातलेच असते. भांडायला जागाच नव्हती. चोरी नाही, उधळपट्टी नाही, कुणी परका पुरुष नाही, उलट घर तिच्यामुळेच नऊ वर्षं आधी सुटलं, म्हणजे तिचे उपकारच मानायचे – मग हे छातीत काय मोडलंय? नव्या दिव्याची पिशवी मांडीवर घेऊन तो खुर्चीवर बसला. पांघरूण आठवलं. पांघरुणात शिरताना त्या दोघी कुडकुडायच्या. दात वाजवायच्या. मग ते काय होतं? त्या आधीच शेकून बसलेल्या असायच्या, आणि सहा वाजता खिडकी उघडून, खोली गार करून, त्याच्यासाठी थंडी वाजवून घ्यायच्या… थंडी तिघांची होती असं तो समजत होता. ती त्याची एकट्याची होती. आठ-नऊ हिवाळे तो एकटाच गारठला, आणि त्यालाच सुख म्हणत राहिला.

आत स्वयंपाकघरात गजर वाजायला लागला. पावणेसहा. कुणी उठेना.

“हा कसला गजर?”

बायकोनं लेकीकडे बघितलं. लेक आत गेली, गजर बंद केला, आणि परत येऊन दाराशी उभी राहून हळूच म्हणाली, “तुम्ही यायची वेळ, बाबा.”

खिडकीतून वारा येत होता. बायको उठून ती लावून आली. “लाव तो,” तो म्हणाला. लेकीला कळेना. “हीटर. लाव.” तिनं भीत भीत बटण दाबलं. तारा आधी करड्या, मग तांबूस, मग लाल झाल्या, आणि ऊब त्याच्या पायांवरून गुडघ्यांपर्यंत चढली. चांगली होती. एवढी चांगली असेल असं वाटलं नव्हतं.

“मघाशी काय चाललं होतं तुझं?” त्यानं लेकीला विचारलं. “साबण रडतोय… करून दाखव.”

“काही नाही हो बाबा. उगीच आपलं.”

“दाखव ना. मी रागावत नाही.”

लेकीनं घसा खाकरला. तोंड उघडलं, मिटलं. आईकडे बघितलं. आई टेबलावरचे तुकडे गोळा करत होती, मोठे एकीकडे, लहान एकीकडे, डोळे खाली. “चहा टाकू का?” ती म्हणाली, पाहुण्याला विचारावं तसं.

ते हसू या खोलीतच कुठंतरी होतं, दारामागं, पडद्यामागं, दोघींच्या घशात अडकलेलं, आणि तो इथं बसलाय तोवर ते बाहेर येणार नव्हतं. तो उठून कुठंतरी जाईल म्हणून त्या दोघी थांबल्या होत्या. त्यांच्या नकळत थांबल्या होत्या. आणि शेकत, कोट न काढता, कान देऊन, तोही आता त्यांच्याबरोबर आपल्या जाण्याचीच वाट बघू लागला.